कण्यातली लय

मांजराचा पंजा पडला की पाल शेपूट टाकते आणि कपाटामागे पसार होते. टाकलेलं शेपूट फरशीवर कितीतरी वेळ वळवळत राहतं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मध्येच ते टुणकन उडतं. आपल्यापैकी बहुतेकांनी हे लहानपणी पाहिलेलं असतं आणि ‘अजून जीव आहे त्यात’ हे मोठ्यांचं उत्तर ऐकून विषय सोडून दिलेला असतो. पण त्या वळवळीकडे नीट पाहिलं तर तिच्यात शिस्त दिसते. एका बाजूचे स्नायू आखडतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे सैल पडलेले असतात, आणि पुढच्याच क्षणी उलट. मेंदू पालीबरोबर गेला. हृदयही गेलं. मग ही आळीपाळी सांभाळतं कोण?

शेपटात उरलेला मज्जारज्जूचा तुकडा सांभाळतो. टिमथी हिगम आणि अँथनी रसेल या संशोधकांनी एका जातीच्या पालीच्या तुटलेल्या शेपटातल्या स्नायूंचे विद्युत संकेत टिपले. संथ हेलकावे आणि अचानक मारलेल्या उड्या, ही दोन्ही कामं तो एवढासा तुकडा स्वतःच्या बळावर करत होता.

माशाचं पोहणं, मांजराचं चालणं आणि आपलंही चालणं यांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. हालचालीची लय मेंदू एकेक हुकूम सोडून घडवत नाही. ती कण्यातच तयार होते. शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे आता दोन ओळींत सांगून टाकतात. त्या दोन ओळींना तिथे पोचायला साठ-सत्तर वर्षं लागली, आणि मधल्या काळात ही कल्पना जवळजवळ हरवून गेली होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या विषयात लिव्हरपूलच्या चार्ल्स शेरिंग्टन यांचा शब्द प्रमाण मानला जाई. दोन चेतापेशींच्या सांध्याला ‘सिनॅप्स’ हे नाव त्यांनीच रूढ केलेलं. एक स्नायू आखडला की त्याच्या विरुद्ध ओढणाऱ्या स्नायूला सैल पडण्याची आज्ञा जाते, हेही त्यांनी दाखवलेलं. १९०६ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाने चेतासंस्थेचा अभ्यास एका चौकटीत बसवला, आणि त्या चौकटीचा पाया होता प्रतिक्षिप्त क्रिया. चटका बसला की हात मागे येतो, तशीच पण साखळीने जोडलेली क्रिया म्हणजे चालणं. पाय मागे गेला की मांडीचे पुढचे स्नायू ताणले जातात. ताणाची वर्दी मज्जारज्जूकडे जाते. तिथून पाय उचलायचा हुकूम निघतो. उचललेला पाय पुढे टेकतो, की त्या स्पर्शाची नवी वर्दी. मागच्या पावलाच्या संवेदनेतून पुढचं पाऊल निघतं. मासाही तसाच: अंग डावीकडे वळलं की उजवी बाजू ताणली जाते, आणि तो ताणच उजव्या बाजूला आखडायला लावतो.

या विचाराला आधार होता. १८७४ साली फ्रॉइसबर्ग या जर्मन संशोधकाने मज्जारज्जू तोडलेल्या कुत्र्यांची निरीक्षणं प्रसिद्ध केली होती. अशा कुत्र्याला काखेत धरून उचललं की त्याचे लोंबते मागचे पाय हवेतच आळीपाळीने पावलं टाकू लागत. मेंदूशी संबंध तुटलेला, तरी चाल सुरू. पायाच्या वजनाने स्नायू ताणला गेला म्हणून साखळी सुरू झाली, असा त्याचा अर्थ लावला गेला. तो अर्थ पटण्यासारखाच होता.

तो तपासायची वाट मात्र सरळ होती. मज्जारज्जूतून निघणाऱ्या प्रत्येक चेतेला दोन मुळं असतात. पाठीकडच्या मुळातून संवेदना आत येते, पोटाकडच्या मुळातून हुकूम बाहेर जातो. पाठीकडची मुळं तोडली तर पायाची कुठलीच खबर आत पोचणार नाही. साखळीचा सिद्धांत बरोबर असेल तर चाल थांबली पाहिजे.

हे करून पाहिलं ते शेरिंग्टन यांच्याच प्रयोगशाळेत आलेल्या एका तरुण स्कॉटिश डॉक्टराने. टॉमस ग्रॅहॅम ब्राउन १८८२ साली एडिंबरात जन्मले, डॉक्टरांच्या घरात वाढले, आणि १९१० साली लिव्हरपूलला आले. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. प्रयोगातल्या मांजरांचा मोठा मेंदू काढलेला होता. मागच्या पायांच्या चेतांची पाठीकडची मुळं तोडलेली होती. नडगीपुढचा, पंजा वर उचलणारा स्नायू आणि पोटरीतला, पंजा खाली दाबणारा स्नायू यांच्या आकुंचनाचे आलेख घेतले जात होते. मग छातीच्या खालच्या भागात मज्जारज्जू आडवा कापला. आता पायांच्या बाजूला उरलेल्या तुकड्याला वरून मेंदू नव्हता आणि खालून पायाची खबर नव्हती. तरीही आलेखावर दोन्ही स्नायू आळीपाळीने आखडताना उमटले: एक, दुसरा, पुन्हा एक, पुन्हा दुसरा. काही काळच, पण स्पष्ट. दोन्ही बाजूंनी एकाकी पडलेला मज्जारज्जूचा तुकडा चालत होता.

ही मांजरं ज्या अवस्थेत होती तिचं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. मोठा मेंदू काढलेला असल्याने त्यांना वेदना कळत नव्हती, हे खरं. तरी आपल्या चालण्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं पुष्कळसं त्या जनावरांच्या शरीरांनी सांगितलेलं आहे. त्यांचा उल्लेख टाळून ही कथा सांगणं मला बरं वाटत नाही.

ब्राउन निरीक्षणावर थांबले नाहीत. लय तयार होते कशी याचं एक चित्र त्यांनी मांडलं, आणि १९१४ पर्यंत ते पक्कं केलं. पाय दुमडणाऱ्या स्नायूंमागे चेतापेशींचा एक गट, पाय ताठ करणाऱ्यांमागे दुसरा. प्रत्येक गट म्हणजे अर्धं केंद्र. दोन्ही गट एकमेकांना दाबून ठेवतात. दोन बाया एकाच उखळात कांडत असतात तेव्हा एकीचं मुसळ खाली असताना दुसरीचं वरच राहतं, तसं एक गट कामात असेपर्यंत दुसऱ्याला पुढे येता येत नाही. कामातला गट हळूहळू दमतो, त्याचा दाब कमी होतो, दुसरा उसळून वर येतो आणि पहिल्याला दाबतो. बाहेरून कुणी ताल धरावा लागत नाही. पायाकडून येणारी संवेदना निरुपयोगी आहे असं ब्राउन म्हणाले नव्हते. खडबडीत जमिनीवर पाऊल जुळवून घ्यायला ती हवीच, पण लय तिच्यातून जन्मत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि मग जवळजवळ पन्नास वर्षं या मांडणीकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

शेरिंग्टन यांचं वजन हे त्याचं एक कारण. १९३२ साली त्यांना नोबेल मिळालं आणि प्रतिक्षिप्त क्रियेची चौकट अधिकच भक्कम झाली. दुसरं कारण पहिलं महायुद्ध. ब्राउन सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले. पण तिसरं कारण खुद्द ब्राउन होते, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठं. १९२० साली ते कार्डिफला प्राध्यापक झाले, आणि त्यांचं मन डोंगरांकडे वळलं ते वळलंच. आल्प्समधल्या माँ ब्लाँचा ब्रेन्वा हा पूर्वेकडचा बर्फाळ कडा त्यांचं वेड बनला. १९२७ आणि १९२८ साली त्यांनी फ्रँक स्माइथ यांच्याबरोबर त्या कड्यावरून दोन नव्या वाटा काढल्या, १९३३ साली तिसरी. गिर्यारोहणाच्या इतिहासात त्या तीन वाटांचं स्थान मोठं आहे. हे स्माइथ म्हणजे उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीवर पुस्तक लिहून ती जगाला सांगणारे स्माइथ. चढाईचं श्रेय कुणाचं यावरून दोघांचं जन्माचं वितुष्ट आलं. १९३६ साली चौपन्न वर्षांचे ब्राउन नंदादेवीच्या मोहिमेवर होते. त्या मोहिमेतल्या टिलमन आणि ओडेल यांनी २९ ऑगस्टला ७,८१६ मीटरचं शिखर गाठलं. तोवर माणूस त्याहून उंच शिखरावर चढला नव्हता. स्वतःच्या कल्पनेसाठी भांडायला, शिष्य घडवायला, प्रयोग वाढवायला ब्राउन प्रयोगशाळेत राहिले नाहीत. कल्पना कितीही खरी असली तरी तिला पाठीराखा लागतो, आणि हिचा पाठीराखा बर्फात होता.

मधल्या दशकांत पुरावे दोन्हीकडून येत राहिले. जर्मनीत एरिश फॉन होल्स्ट यांना संवेदी मुळं तोडलेल्या माशांच्या अंगातूनही पोहण्याची लहर जाताना दिसली. माशाचे दोन पर वेगवेगळ्या वेगाने हलत असले तर एकाची लय दुसऱ्या पराला आपल्याकडे खेचते, हेही त्यांनीच मोजून दाखवलं. उलट केंब्रिजमध्ये जेम्स ग्रे आणि हान्स लिसमन यांनी भेकांची सगळी संवेदी मुळं तोडली, आणि भेकांचं चालणं थांबलं. एक जरी मूळ शाबूत ठेवलं तरी चाल टिके. मुशीचीही मुळं तोडल्यावर लय बंद पडली. ग्रे हे माशांच्या पोहण्याचे त्या काळचे सर्वांत मोठे अभ्यासक. त्यांनी कौल साखळीला दिला. प्रयोग दोघांचेही खरे होते. अडचण अशी की शस्त्रक्रियेने खचलेला मज्जारज्जू गप्प झाला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. लय निर्माण करण्याची ताकद त्याच्यात नाही, की फक्त त्याला जागं करणारं काही उरलं नाही, हे त्या गप्प राहण्यातून कळत नाही.

कोंडी फुटली ती एका कीटकामुळे. २०२० च्या मे महिन्यात ज्या टोळांनी विदर्भात धाड घातली, तोच वाळवंटी टोळ. त्याचे पंख सेकंदाला साधारण वीस वेळा हलतात. डोनल्ड विल्सन यांनी पंखांकडून येणाऱ्या संवेदनेच्या चेता तोडल्या आणि १९६१ साली निष्कर्ष छापला: टोळाच्या चेतारज्जूतून उड्डाणाची लय निघतच राहते. मात्र ती निम्म्यावर येते. त्या वेळी सगळ्यांनी पहिलं वाक्य उचललं. दुसऱ्या वाक्याची खरी किंमत पुढे कळली.

सस्तन प्राण्यांकडे पुन्हा वळले ते स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे अँडर्स लुंडबर्ग आणि त्यांचे सहकारी. मज्जारज्जू तोडलेल्या मांजरांना त्यांनी एल-डोपा हे औषध टोचलं. मेंदूकडून एरवी उतरणाऱ्या रासायनिक संदेशांची जागा त्याने थोडीफार भरून काढली, आणि रज्जूत एकमेकांना दाबणारे पेशींचे दोन गट मोजता आले. ब्राउन यांनी रेखाटलेली अर्धी केंद्रं ती हीच. हा निबंध १९६७ चा. ब्राउन १९६५ साली वारले होते.

त्याच सुमारास, १९६६ साली, मॉस्कोत शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी चित्राचा वरचा भाग पुरा केला. मोठा मेंदू काढलेलं मांजर फिरत्या पट्ट्यावर उभं केलं आणि मेंदूच्या बुंध्यातल्या एका छोट्या जागी विजेचा सौम्य प्रवाह दिला. मांजर चालू लागलं. प्रवाह वाढवला तसं ते दुडक्या चालीवर आलं, आणखी वाढवला तसं चौखूर धावलं. वरून जाणारा हुकूम एवढा साधा असतो: सुरू हो, आणि किती जोराने. कुठला स्नायू कधी आखडायचा याचा तपशील खाली ठरतो. या खालच्या यंत्रणेला आता सेंट्रल पॅटर्न जनरेटर, थोडक्यात सीपीजी म्हणतात.

पण ती नेमकी कशा पेशींची बनलेली आहे? मांजराच्या रज्जूत हे शोधणं म्हणजे पेशींच्या रानात शिरणं. लुंडबर्ग यांच्याकडे तयार झालेले स्टेन ग्रिल्नर यांनी म्हणून एका वेगळ्याच प्राण्याची निवड केली, आणि या कथेचा सर्वांत समृद्ध भाग तिथून सुरू होतो.

लँप्रे हा थंड पाण्यातला प्राणी. दिसायला वामीसारखा, लांब आणि बुळबुळीत. पण त्याला जबडा नाही, खवले नाहीत, जोडीचे पर नाहीत. गोल चोषक तोंड, त्यात शिंगासारखे दात, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात कल्ल्यांची छिद्रं. त्याचे आणि आपले पूर्वज सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. युरोपात तो मोठ्या चवीने खात. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री ११३५ साली लँप्रे जास्त खाऊन मेला असं तिथले जुने बखरकार सांगतात. विज्ञानातही त्याचं नाव आधीपासून होतं. १८७७ साली व्हिएन्नात ब्रूके यांच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली लँप्रेच्या मज्जारज्जूतल्या मोठ्या पेशींचे धागे कुठे जातात याचा माग काढत बसला होता. त्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड. पुढे मनाच्या तळाशी गेलेल्या माणसाने सुरुवात एका माशाच्या कण्यापासून केली होती, ही गोष्ट मला फार आवडते.

लँप्रेचा मज्जारज्जू फितीसारखा चपटा असतो, इतका पातळ की त्यातून प्रकाश आरपार जातो. त्याच्या आत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ऑक्सिजन बाहेरून झिरपला तरी पुरतो. याचा अर्थ असा की तो शरीरातून बाहेर काढून थंड क्षारयुक्त पाण्यात ठेवला तर कित्येक दिवस जिवंत राहतो. १९८० साली अॅव्हिस कोहेन आणि पीटर वालेन यांनी असा एक तुकडा काचेच्या बशीत ठेवला आणि पाण्यात ग्लुटामेटच्या जातीचं रसायन मिसळलं. एरवी मेंदूकडून येणाऱ्या ‘सुरू हो’ या हुकमाचं काम त्या रसायनाने केलं. रज्जूच्या दोन्ही बाजूंना, हुकूम बाहेर नेणाऱ्या मुळांवर संकेतांच्या सरी उमटू लागल्या. डावीकडे सर, मग उजवीकडे, मग डावीकडे. डोक्याकडच्या खंडात आधी, शेपटीकडच्या खंडात नंतर. लँप्रे जिवंत असताना पोहतो त्याचाच हा नमुना होता. स्नायू नाही, पाणी कापणारं अंग नाही, मेंदू नाही, आणि बशीत पोहणं चाललं आहे. एकाकी तुकड्याच्या ज्या चालीची ब्राउन यांना काही क्षणांची झलक मिळाली होती ती आता तासन्‌तास समोर होती.

या नमुन्यातलं एक अंतर फार सुंदर आहे. लँप्रेच्या रज्जूत सुमारे शंभर खंड असतात. एका खंडाची सर आणि पुढच्या खंडाची सर यांच्यात जो उशीर असतो तो एका आवर्तनाच्या सुमारे एक टक्का. मासा सेकंदाला एक आवर्तन करत असेल तर खंडामागे उशीर दहा मिलिसेकंदांचा. पाच आवर्तनं करत असेल तर दोनच मिलिसेकंदांचा. संकेत धाग्यातून जायला लागणारा वेळ हेच उशिराचं कारण असतं तर तो ठरलेला राहिला असता, आणि वेगात पोहताना अंगात एकाच वेळी अनेक लहान लहरी उमटल्या असत्या. उशीर आवर्तनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून शंभर खंडांत नेहमी एकच पूर्ण लहर मावते, मासा सावकाश जात असो की जिवाच्या आकांताने पळत असो. प्रत्येक खंडात स्वतंत्र लय असते आणि शेजारी खंड एकमेकांना धरून राहतात, असं मानलं की हे प्रमाण गणिताने निघतं. नॅन्सी कोपेल आणि बार्ड अर्मंट्राउट या गणितज्ञांनी यावर बरीच वर्षं काम केलं. ज्या खंडाची चेतना सर्वांत जास्त तो पुढे, बाकीचे त्याच्या मागे. शेपटीकडचे खंड अधिक चेतवले की लहर उलटी फिरते. लँप्रे मागे पोहतो तेव्हा असंच घडतं.

आतल्या पेशीही हळूहळू ओळखल्या गेल्या. एकाच बाजूला आपसांत उत्तेजना वाढवणाऱ्या पेशी ग्लुटामेट वापरतात; समोरच्या बाजूला जाऊन तिला दाबणाऱ्या पेशी ग्लायसीन. ग्लायसीनचं काम थांबवणारं एक विष आपल्याकडे पूर्वीपासून माहीत आहे: कुचल्याच्या, म्हणजे काजऱ्याच्या बियांतलं स्ट्रिक्निन. ते पोटात गेलेल्या माणसाला सगळं अंग धनुष्यासारखं वाकवणारे झटके येतात, कारण स्नायूंवरचा लगामच सुटतो. कोहेन आणि रोनल्ड हॅरिस-वॉरिक यांनी बशीतल्या रज्जूवर स्ट्रिक्निन घातलं, तेव्हा आळीपाळी मोडली आणि दोन्ही बाजू एकदम ठोके देऊ लागल्या. ठोके मात्र थांबले नाहीत. पुढे रज्जू मधोमध उभा चिरून एकच बाजू ठेवली, तरी ती एकटी ठोके देत राहिली. म्हणजे ब्राउन यांच्या चित्रात एक दुरुस्ती करावी लागली. परस्पर दाबण्यातून आळीपाळी येते, हे त्यांचं बरोबर होतं. पण लय त्या दाबण्याशिवायही निघते. पेशी पेटून उठली की तिच्यात कॅल्शियम शिरतं, ते पोटॅशियमच्या वाटा उघडतं, आणि त्या वाटा पेशीला पुन्हा शांत करतात. बरंचसं दमणं एकेका पेशीच्या आत होतं.

हुकूम बाहेर पडल्यानंतरचं काम स्नायूंचं, आणि तिथेही वाटणी आहे. बांगडा किंवा कुप्पा चिरताना कातडीखाली, बाजूच्या मध्यरेषेवर, काळपट लाल मांसाचा पट्टा दिसतो. त्याची चव उग्र म्हणून काही घरांत तो बाजूला काढतात. तो लाल स्नायू ऑक्सिजनवर चालतो, दमत नाही आणि रोजचं संथ पोहणं पार पाडतो. बाकीचं फिकट मांस झडप घालायला किंवा जीव वाचवायला. ते जोरदार पण लवकर थकणारं. सीपीजीचा हुकूम सौम्य असला तर लाल पट्ट्यापुरता राहतो, तीव्र झाला तर फिकट स्नायू जागे होतात. शिवाय विजेची लहर स्नायूंतून जितक्या वेगाने जाते तितक्या वेगाने अंगाचा बाक मागे सरकत नाही. पाणी त्याला अडवतं. त्यामुळे शेपटीजवळचे स्नायू ताणले जात असतानाच आखडायला लागतात आणि शेपटी ताठ करून पुढचा जोर पाण्यात उतरवतात. पोहण्याचा सगळा हिशेब एकट्या रज्जूत नसतो.

विल्सन यांच्या दुसऱ्या वाक्याचं, संवेदना तोडली की लय निम्म्यावर येते याचं, महत्त्व इथे येतं. लँप्रेच्या रज्जूच्या दोन्ही कडांवर ग्रिल्नर यांच्या गटाला अशा पेशी सापडल्या ज्या अंग वाकलं की ताणल्या जातात आणि ती खबर तिथल्या तिथे लयीला देतात. बशीतल्या रज्जूचं एक टोक हलकेच डावीउजवीकडे वाकवत राहिलं तर सीपीजी आपली चाल सोडून त्या वाकवण्याची चाल धरतो. टोळातही पंखाकडची संवेदना प्रत्येक फटक्याची वेळ ठरवते, हे एडमंटनच्या कीर पिअर्सन यांनी दाखवून दिलं. शेरिंग्टन यांनी ज्या संवेदनेला सगळं श्रेय दिलं होतं तिचा वाटा असा परत मिळाला. दोन्ही पक्षांपैकी कोण जिंकलं, असं मला कुणी विचारलं तर मी ब्राउन यांचं नाव घेईन, कारण जन्म कुठे होतो हा मूळ प्रश्न होता. पण पाण्याच्या प्रवाहात सापडलेला मासा संवेदनेशिवाय दोन हातही सरळ जाणार नाही.

मग हाच नमुना ठिकठिकाणी सापडत गेला. पावसाळी डबक्यात फितीसारखी लहरत जाणारी जळू घ्या. तिच्या जातभाईंच्या चेतारज्जूतही शरीराबाहेर काढल्यावर पोहण्याची लय टिकते. सॅलॅमँडर पाण्यात पोहतो आणि जमिनीवर चालतो. त्याच्या मेंदूच्या बुंध्याला कमी प्रवाह दिला की चालण्याचा नमुना निघतो, जास्त दिला की पोहण्याचा. लोझानमध्ये आउके आइस्पेर्त यांनी २००७ साली असा रज्जू संगणकात बांधून एका यंत्र-सॅलॅमँडरला दिला, आणि एकच संकेत वाढवत नेल्यावर ते यंत्र तळ्याच्या काठावरून चालत येऊन पाण्यात पोहू लागलं.

आज या विषयाचा लाडका प्राणी झेब्राफिश आहे. हा बोटाच्या पेरांएवढा पट्टेरी मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा आणि भातखाचरांचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात त्याची नोंद केली. शौकिनांच्या काचेच्या टाक्यांतून तो अमेरिकेत पोचला आणि ऑरेगॉनच्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं. त्याचं पिल्लू पारदर्शक असतं, त्यामुळे जिवंत माशात पोहता पोहता कुठली पेशी चमकते ते पाहता येतं. रज्जू बाहेर काढावा लागत नाही. सावकाश पोहताना रज्जूतल्या पोटाकडच्या पेशी कामाला लागतात, वेग वाढेल तशा पाठीकडच्या, हे अशाच पिल्लांत दिसलं. बंगळूरुच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये वत्सला तिरुमलाई यांचा गट याच पिल्लांच्या पोहण्यावर काम करतो.

माणसाचा मज्जारज्जू बशीत ठेवता येत नाही. पुरावा आडवाटेने गोळा करावा लागतो. नवजात बाळाला धरून पाय टेकवले की ते पावलं टाकतं. कण्याला इजा होऊन पाय निकामी झालेल्या रुग्णांच्या कंबरेतल्या मज्जारज्जूवर विजेचे स्पंद दिले, तेव्हा आडव्या पडलेल्या माणसाच्या पायांत पावलांसारख्या हालचाली उमटल्या. मिलान दिमित्रिएविच यांच्या गटाने हे १९९८ साली प्रसिद्ध केलं. तिथून २०१८ पर्यंत आलो की पुन्हा लोझान. ग्रेग्वार कुर्तीन आणि शल्यचिकित्सक जोस्लिन ब्लॉक यांनी तीन रुग्णांच्या मज्जारज्जूवर विद्युतअग्रांची पट्टी बसवली. तिघांच्याही मानेतल्या मज्जारज्जूला इजा होऊन चार वर्षांहून जास्त काळ लोटला होता. प्रवाह सतत सोडण्याऐवजी पाय उचलण्याच्या क्षणी एका जागी, टेकण्याच्या क्षणी दुसऱ्या जागी असा दिला गेला. आठवड्याभरात ते आधार घेऊन जमिनीवर चालू लागले, आणि काही महिन्यांच्या सरावानंतर प्रवाह बंद असतानाही निकामी स्नायूंपैकी काही त्यांच्या इच्छेने हलू लागले.

तो प्रवाह रज्जूत शिरतो कुठून, हेही शोधून काढलं गेलं आहे. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या प्रेरक पेशींना तो थेट गाठत नाही. स्नायूंच्या ताणाची खबर आणणाऱ्या जाड धाग्यांतून, पाठीकडच्या मुळांतून तो आत जातो आणि तिथून लयीपर्यंत पोचतो. ब्राउन यांनी १९११ साली मांजरांत तोडली होती ती हीच मुळं. माणसात प्रवाह अखंड ठेवला तर या धाग्यांतून वर येणारी पायाची स्वतःची खबर बुजते आणि रुग्णाला आपला पाय कुठे आहे ते कळेनासं होतं. म्हणूनच स्पंद तुकड्या-तुकड्यांनी, पावलाच्या वेळेनुसार द्यावे लागतात.